एक वेढा कमी

माझ्या घरात सतरा मशिनी आहेत आणि त्यांतल्या एकीतही चटणी वाटता येत नाही. घाटकोपरला पंतनगरात आमच्या दोन खोल्या. नवा माणूस आला की आधी दचकतो, मग विचारतो, हे काय आहे? मी सांगते, मिक्सर. तो म्हणतो, मग भांडं कुठाय? तिथून मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आपला मिक्सर म्हणजे खाली मोटर, वर भांडं आणि भांड्याच्या तळाशी पातं. तो वाटतो. परदेशातला हा जुना मिक्सर वाटत नाही, कालवतो. त्याला पुढे वाकलेली मान असते, मानेखाली मोठा वाडगा, आणि मानेतून खाली उतरलेला फेटणारा हात. लोणी-साखर फेसा, अंडी फेटा, मैदा मळा. ही सगळी कामं आपल्याकडे बायकांनी मनगटाच्या जोरावर केली, म्हणून आपल्याला अशी मशीन कधी लागली नाही. तिकडे कुणाला तरी बायकांच्या मनगटाची दया आली. मला ह्या मशिनी आवडायचं पहिलं कारण हेच.

मी मुळात वाइंडर. मॅट्रिक झाल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत मोटरी बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. मोटरीच्या पोटात एक लोखंडी गाभा फिरत असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. त्याला उभ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत तांब्याच्या केसासारख्या तारेचे ठरावीक वेढे द्यायचे असतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. ह्या खात्यात सगळ्या बायकाच. साहेब म्हणायचे, बायकांची बोटं बारीक असतात. बोटं काही बारीक नव्हती, पगार बारीक होता.

कंपनी बंद पडली तेव्हा माझं वय पस्तिशीचं. शेजारच्या एकीचा मिक्सर जळला होता, तो घरीच भरून दिला. मग दुसरीचा, मग बिल्डिंगचा, मग अख्ख्या वसाहतीचा. लोक दार वाजवून विचारायचे, "साहेब आहेत का?" आमचे हे कोर्टात कारकून. ते बनियनवर पेपर वाचत बसलेले असायचे. मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवायचे. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून मला दरवेळी तितकीच मजा यायची. पुरुष गिऱ्हाईक तर काम होईपर्यंत ह्यांनाच तांत्रिक प्रश्न विचारत राही आणि हे गंभीरपणे म्हणत, "ते बाईंना विचारा, मी फक्त चहा करतो." करायचेही.

पहिली परदेशी मशीन मला कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. फिकट हिरवी, विलायतेची, एका बाजूने चेपलेली. मी तांबं मिळेल म्हणून घेतली होती. घरी येऊन उघडली आणि आत बघतच राहिले. इतकी वर्षं मी हेच काम केलं, पण तारेला तार अशी लागून बसलेली पाहिली नव्हती. शेवटचा दोरा बांधून त्याचं टोक आत खोचलेलं, आपण शिवणाचं टोक खोचतो तसं. कंपनी कुठली, साल कोणतं, ह्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मला वाटलं, ही कोण असेल? कारण बाईच असणार. तिलाही कुणी बारीक बोटांचं सांगितलं असणार. त्या मशिनीच्या मानेच्या फटीत जुनं, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस होतं, त्यात मैदा, आणि मैद्यात अडकलेला केसांचा एक आकडा. ग्रीस गरम पाण्याने काढताना दालचिनीचा वास आला. कुणाच्या तरी नाताळाचा वास माझ्या मोरीत. आकडा मी डबीत ठेवला. ती मशीन विकली नाही. तेव्हापासून ह्यांनी मला चिडवायला सुरुवात केली. कुणी नवीन मशीन घेऊन आलं की अस्सल मालवणीत आतून विचारायचे, "पावणे इले काय?"

पाहुणे येत राहिले. आखातातून परतलेल्यांच्या सामानातून, बोटीवरच्या आचाऱ्यांकडून, अमेरिकेतल्या मुलांनी आईबापांना लाडाने पाठवलेले. अमेरिकेच्या मशिनीत एक मोठी गोम असते. तिथल्या भिंतीत एकशेदहाचा करंट, आपल्या भिंतीत दोनशेतीसचा. मधे ट्रान्सफॉर्मर लावला नाही तर संपलं. मुलुंडच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी मुलाकडून आलेली मशीन दसऱ्यापर्यंत खोक्यात जपून ठेवली. दसऱ्याला चौरंगावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, शेजाऱ्यांना बोलावलं आणि बटण दाबलं. धूर निघाला तो लोकांना आधी उदबत्तीचा वाटला. माझ्याकडे आली तेव्हा मानेत झेंडूच्या पाकळ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, काका, पूजा बरोबर झाली, करंट चुकला. ते बिचारे मुलाला काय सांगू म्हणून रडवेले झाले होते. मी आतली तार बदलून ती मशीन दोनशेतीसवर चालेल अशी करून दिली आणि मुलाला काहीच सांगू नका म्हणाले.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडते. ह्या मशिनींच्या मानेत एक दातेरी चाक मुद्दाम नाजूक बनवलेलं असतं. बाकी सगळं लोखंड, हे एकच मऊ. वाडग्यात फार घट्ट पीठ घातलं की हे चाक स्वतः तुटतं आणि मोटर वाचवतं. एका फरसाणवाल्याने गाठीयाच्या पिठाने तीन महिन्यांत तीन चाकं मोडली आणि मलाच म्हणाला, तुम्ही लोखंडी चाक का बसवत नाही? मी बसवलं नाही. त्याला कळलंही नाही आणि पटलंही नाही. तो दुसरीकडे गेला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते.

मागच्या महिन्यात बोरिवलीहून हेतलबेन आल्या. घरून केक विकतात, पंचेचाळिशीच्या, बोलण्यात मराठी-गुजराती-हिंदीची मस्त मिसळ. त्यांची जाऊ तीस-पस्तीस वर्षं शारजात होती, ती सगळं आवरून परत आली आणि तिथली मशीन हेतलबेनना दिली. विलायती बनावटीची, क्रीम रंगाची. माझ्याकडे अगदी तीच मशीन आहे, म्हणून बघताक्षणी मला आनंद झाला. "काल एकदम जळका बास मारला आणि बंद," हेतलबेन म्हणाल्या. "ताई, तीस वर्ष चालली ना ही. माझ्या हातात येऊन वाट लागली, जेठाणीला काय सांगू?" मी म्हटलं, आठवड्याने या.

जळलेलं आर्मेचर भरायचं तर आधी जुने वेढे मोजावे लागतात. जुनी तार एका बाजूने कापायची, झुबका ओढून काढायचा आणि टोकं मोजायची. किती होते ते कळलं की तितकेच नवे द्यायचे. ही तार कारखान्यातली नव्हती. कुणीतरी मधे एकदा भरलेली होती, आणि हाताने. काम सफाईचं होतं. मी मोजली. एकेचाळीस. माझ्याकडच्या मशिनीची मापं माझ्या वहीत होती. तिथे बेचाळीस. म्हटलं माझं वय झालं, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. एकेचाळीस. दुसरी खाच, एकेचाळीस. तिसरी, एकेचाळीस. एखादा वेढा कुणाचाही चुकतो. चोवीसच्या चोवीस खाचांत एकच वेढा कमी, ही चूक नव्हे, ही सवय.

मी खुर्चीवर बसले. असं मोजणारी बाई जगात मला एकच माहीत होती.

फिलू. फिलोमिना. मरोळच्या गावठाणातली. कंपनीत मी आणि ती एका बाकावर समोरासमोर बसायचो. वेढे मोजायचं यंत्र खात्यात एकच, आणि तेही नेहमी बिघडलेलं, म्हणून सगळ्या तोंडाने मोजायच्या. आम्ही दोघी एकदमच सुरू करायचो आणि एका तालात मोजायचो. मोठ्याने, दोघींचे हात बरोबर फिरत. फक्त फिलू तेरा म्हणायची नाही. तिच्या आईने लहानपणीच तिच्या मनात भरवलं होतं की तेराचा आकडा वाईट, तोंडातून काढू नये. मी सुरुवातीला हसले होते. पण ह्या कामात तोंड थांबलं की हात थांबतो. ती बारा म्हणून गप्प व्हायची आणि सरळ चौदावर जायची, तर एक वेढा जायचा. म्हणून आमचं ठरून गेलं होतं. बारा दोघी म्हणायचो, तेराला फक्त माझा आवाज, त्यावर तिचा हात फिरायचा, आणि चौदाला ती परत यायची. सात वर्षं मी तिचा तेरा म्हटला. तिच्या डब्यातली बोंबलाची चटणी मी खायची, माझ्या डब्यातले घावने ती. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी तिने धरली होती.

मग मला वर घेतलं. चेकिंगच्या टेबलावर बसवलं. प्रत्येक आर्मेचर मीटरला लावायचं, काटा बरोबर आला तर पास, नाही तर मागे. पगार थोडा वाढला, पंख्याखाली जागा मिळाली. माझ्या जागी फिलूसमोर जी मुलगी आली ती मनातल्या मनात मोजणारी. दुसऱ्याच दिवशी फिलूचा माल माझ्या टेबलावर आला आणि काटा रेषेच्या किंचित अलीकडे थांबला. मला क्षणात कळलं काय झालंय ते. उठून दहा पावलं जायचं आणि त्या मुलीला सांगायचं, अगं, तेराला जरा मोठ्याने म्हण. एवढंच काम होतं.

मी गेले नाही. सुपरवायझर माझ्या मागे उभा होता. नवी चेकर आपल्या मैत्रिणीचा माल पास करते का, हे बघायलाच उभा होता, असं मला वाटलं. मी रजिस्टरमध्ये फिलूचा नंबर लिहिला आणि पुढे लिहिलं, रिजेक्ट. दुसऱ्या वेळीही तेच. रिजेक्टच्या पुढे कारण लिहायला जागा होती, तिथे मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या वेळी तिला काढून टाकलं. ती पर्स घेऊन माझ्या टेबलाजवळून गेली. थांबली आणि म्हणाली, "तू तरी बोलायचं ना, नलू." मी मीटरकडे बघत होते. मरोळला तिच्या घरी मी नंतर कधी गेले नाही. पुढे कानावर आलं की ती आखातात कुणाकडे स्वयंपाकाला गेली. आमची कंपनी त्यानंतर चार वर्षांनी बंद पडली, म्हणजे पंख्याखालची ती जागाही गेली.

आणि आता तिचे एकेचाळीस वेढे माझ्या टेबलावर पडले होते. तिने तिकडे जाऊनही हे काम सोडलं नव्हतं. आणि तिकडे तिच्यासमोर तेरा म्हणणारं कुणी नव्हतं. हे मनात आलं आणि मी रडले. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे घरात कुणी विचारणारंही नव्हतं.

एक गोष्ट धंद्यातली म्हणून सांगते. एक वेढा कमी असला तर मोटर जरा जास्त तापते. पुस्तकात ते चूकच आहे. मी रिजेक्ट लिहिलं ते नियमाने बरोबर होतं. पण ती एक वेढा कमी असलेली मशीन रोज केक फेटत तीस वर्षं चालली. मी पास केलेल्या किती मोटरी इतक्या चालल्या असतील, देव जाणे.

हेतलबेन मशीन न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, ही शारजात कुणी भरून दिली होती? त्यांनी माझ्याकडूनच जावेला फोन लावला. जाऊबाईंना बरोबर आठवत होतं, मशीन घेतली त्याच वर्षी एकदा जळली होती. खालच्या मजल्यावर एका घरी एक आंटी कामाला होती, मुंबईची. बिल्डिंगमधल्या बायकांना केक शिकवायची, आणि कुणाचा मिक्सर बिघडला की शुक्रवारच्या सुट्टीत तीच उघडून बसायची. फिलूआंटी. आता ती तिथे नाही, मुलीकडे असते. कुठे, तर वसईला. नऊ वर्षं झाली.

नऊ वर्षं ती वसईला होती. मी इथे विलायतेतल्या अनोळखी बायकांच्या केसांचे आकडे डबीत जपत होते, आणि जिला ओळखत होते ती दीड तासावर होती.

हेतलबेनच्या मशिनीत मी बेचाळीस वेढे दिले. तेराला मोठ्याने म्हटलं. जाऊबाईंनी फोन नंबर पाठवला तो मी कागदावर लिहून फ्रिजवर लावला आणि येता-जाता बघत राहिले. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं आई, लाव ना फोन, त्यात काय. तिला काय सांगणार, त्यात काय ते? असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, म्हणजे परवा सकाळी, फोन लावला. तिनेच उचलला. आवाज जाड झालाय, पण तिचाच.

मी म्हटलं, मी नलू बोलतेय, नलिनी, अंधेरीच्या कंपनीतली. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "शारजावाल्या भाभी बोलल्या, घाटकोपरची मेकॅनिक बाई तुला विचारते. मी तेव्हाच समजली. अकरा दिवस झाले त्याला."

म्हणजे तीही दिवस मोजत होती. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं एकदम बोलून टाकलं. तेव्हा उठून सांगायला पाहिजे होतं, मी घाबरले, पगारासाठी घाबरले, आणि नंतर लाजेने तोंड दाखवलं नाही. तिच्या हातची मशीन तीस वर्षं चालली हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मशीन जळली नसती तर फोन केला असतास?" तिने विचारलं.

केला असता, असं जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं मीटरचा काटा वाचून वाचून मला एवढं कळतं की कुठे खोटं चालणार नाही.

"नसता केला," मी म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ती बसली असावी. मला वाटलं आता फोन ठेवेल. मग म्हणाली, "रविवारी ये. चर्चमधून मिस्सा करून येते मी, साडेदहानंतर ये. आणि हत्यारं आणू नको, नलू. माझ्या घरात काय बिघडलंय ते तू बघायचं नाही."

आज गुरुवार आहे. सकाळी मी पिशवीतून पाने, पक्कड, मीटर, तारेचं रीळ, सगळं काढून टेबलावर ठेवलं. गेली चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी गेले ती काहीतरी बिघडलं म्हणून. नुसतं म्हणून कसं जातात, ते मला आठवत नाहीये.